शरद आल्याचं कुणी सांगायचं? – चिनी पंचांगातल्या ‘लीछ्यू’ची गोष्ट

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



दरवर्षी ७ किंवा ८ ऑगस्टला चीनमधल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात एका चौकोनात दोन अक्षरं छापलेली असतात – ‘लीछ्यू’. ‘ली’ म्हणजे उभं राहणं, प्रस्थापित होणं. ‘छ्यू’ म्हणजे शरद. शरद उभा राहिला, शरद सुरू झाला. आता हे कॅलेंडर हातात घेऊन वुहान किंवा शांघायच्या रस्त्यावर या. पारा पस्तिशीच्या पुढे, अंगाला चिकटलेला शर्ट, झाडावर रातकिड्यांसारखा एकसुरी ओरडणारा सिकाडा. शरदाची एकही खूण नाही. तरी कॅलेंडर म्हणतं, आला. आणि लोकही म्हणतात, हो, आला.

मला आज याच विसंगतीबद्दल बोलायचं आहे. पंचांग चुकलं, असं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. पंचांग चुकलेलं नाही. ते वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलतंय. आणि दोन हजार वर्षं चीनमध्ये ‘शरद सुरू झाला’ हे वाक्य बोलायचा हक्क कुणाचा, हा साधा प्रश्न नव्हता. त्यावरून माणसं जगली आहेत, माणसं मेली आहेत. शब्दशः.

आधी थोडं गणित

घाबरू नका, फार नाही.

सूर्य वर्षभरात आकाशात एक फेरी पूर्ण करतो असं आपल्याला दिसतं. त्या ३६० अंशांचे चोवीस भाग करा. प्रत्येक भाग १५ अंशांचा. या चोवीस टप्प्यांना चिनी लोकांनी नावं दिली: शरद सुरू, उष्मा सरला, शुभ्र दव, शरद संपात, थंड दव, अशी. वसंत संपाताला शून्य धरलं, तर सूर्य १३५ अंशांवर पोचतो तो क्षण लीछ्यूचा. त्यानंतर पंधरा-सोळा दिवसांनी ‘छूशू’ म्हणजे उष्मा सरतो, आणि मग ‘बाय्लू’, शुभ्र दव. चोवीस नावांची पूर्ण यादी, आज आहे त्याच क्रमाने, ‘ह्वायनान्‌झी’ या ग्रंथात सापडते. हा ग्रंथ इ.स.पू. १३९ मध्ये हान सम्राट वू याला सादर झाला. पुढे इ.स.पू. १०४ मध्ये त्याच सम्राटाने पंचांगाची मोठी सुधारणा केली, तेव्हा हे टप्पे पंचांगाच्या गाभ्यात पक्के बसले.

मग शरद ऑगस्टमध्येच का? कारण चिनी पद्धतीत अयनदिन आणि संपातदिन हे ऋतूंचे मध्य आहेत. २१ जूनचा सर्वांत मोठा दिवस म्हणजे उन्हाळ्याचा मध्य. म्हणजे त्याच्या दीड महिना आधी उन्हाळा सुरू आणि दीड महिन्याने संपला. प्रकाशाच्या हिशेबाने हे अगदी चोख आहे. पण जमीन आणि समुद्र तापायला वेळ लागतो, आणि निवायलाही. म्हणून उष्मा प्रकाशाच्या मागून चालतो.

हे जुन्या लोकांना कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं! पंचांगात कडक उन्हाचे ‘फू’ नावाचे तीन टप्पे असतात. त्यातला तिसरा, शेवटचा फू कधी सुरू होतो? नियम असा आहे की लीछ्यूपासून जो पहिला ‘कंग’ वार येईल, त्या दिवशी. दहा दिवसांचं एक चक्र असतं, त्यातला हा एक. म्हणजे शेवटचा कडक उन्हाळा मोजायचाच मुळी शरद सुरू झाल्यानंतर! लीछ्यूनंतरच्या या उकाड्याला लोक ‘शरदातला वाघ’ म्हणतात. आपण ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतो ना, तशातला प्रकार.

तेव्हा लक्षात ठेवा: लीछ्यू ही हवामानाची बातमी नाही. तो सूर्याच्या वाटेवरचा एक बिंदू आहे. डोळ्यांना तो दिसत नाही, त्वचेला जाणवत नाही. सर्वांत लांब सावलीचा दिवस निदान काठी रोवून मोजता येतो. हनान प्रांतात तंगफंगजवळ तेराव्या शतकात क्वो शौचिंगने उभारलेली दगडी वेधशाळा आजही उभी आहे. तिथे चाळीस चिनी फूट उंचीची सावलीची खूण वापरून त्याने वर्षाची लांबी ३६५.२४२५ दिवस धरली. पण लीछ्यूला सावली ना सर्वांत लांब, ना सर्वांत आखूड. तो बिंदू मोजून, हिशेबानेच काढावा लागतो. आणि जे दिसत नाही, ते कुणीतरी सांगावं लागतं.

‘आला!’ असं ओरडणारा अधिकारी

प्राचीन ‘लीची’ या विधिग्रंथात महिन्यांनुसार राजाने काय करायचं याचं एक प्रकरण आहे. त्यात लीछ्यूच्या तीन दिवस आधी राजज्योतिषी राजाला येऊन वर्दी देतो: अमुक दिवशी शरद सुरू होतोय, आता धातू या तत्त्वाचा जोर राहील. राजा व्रतस्थ राहतो. त्या दिवशी मंत्री आणि सरदार घेऊन राजधानीच्या पश्चिमेच्या वेशीबाहेर जातो आणि शरदाला सामोरा जातो. आपल्याकडे पाहुण्याला वेशीवर आणायला जायचे, तसंच. परत आल्यावर सेनापतींना बक्षिसं देतो. मग सैन्याची कवायत, तुरुंगांची डागडुजी, कायद्याची उजळणी.

हजारेक वर्षं पुढे येऊ. दक्षिण सोंग राजवट, राजधानी हांगचौ. तिथल्या नागरी जीवनाचं वर्णन करणारं ‘मंगल्यांगलू’ हे वू झमूचं पुस्तक आहे. त्यात लीछ्यूची मोठी मजेशीर नोंद आहे. त्या दिवशी खगोल खात्याचे लोक वूथोंगचं एक झाड राजवाड्यात आणून ठेवायचे. वूथोंग म्हणजे मोठ्या पानांचं एक झाड, त्याची पानं लवकर गळतात अशी ख्याती. ठरलेली घटिका आली की अधिकारी मोठ्याने घोषणा करायचा – शरद आला! आणि त्या आवाजासरशी झाडाचं एखाददुसरं पान खाली पडायचं.

तुम्ही हसताय. पण यात क्रम कसा आहे ते बघा. पान पडलं म्हणून शरद आला असं नाही. अधिकाऱ्याने शरद आल्याचं सांगितलं, म्हणून पान पडलं. राजसत्ता आणि निसर्ग यांचं नातं कसं असावं, याचं हे दरबाराने स्वतःसाठी उभं केलेलं चित्र आहे.

बाहेर रस्त्यावर लोक आपल्या पद्धतीने तोच दिवस पाळत होते. उत्तर सोंगच्या खायफंग शहरात त्या दिवशी ‘छ्यू’ नावाच्याच एका झाडाची पानं रस्तोरस्ती विकायला यायची. झाडाचं नाव आणि ऋतूचं नाव, दोन्हींचा उच्चार एकच. बायका-मुलं त्या पानांची फुलं कातरून केसांत माळायची. पुढे उत्तरेत प्रथा पडली की उन्हाळ्यात घटलेलं वजन भरून काढायला लीछ्यूला मांस खायचं. कुठे कलिंगड कापून ‘शरदाचा चावा’ घ्यायचा. हे सगळं छान आहे. सणांच्या पुस्तकात एवढंच येतं आणि आपण तिथेच थांबतो. आपण जरा पुढे जाऊ.

तुरुंगातला माणूस आणि शरद

मघाशी म्हटलं की राजा शरदाचं स्वागत करून आला की तुरुंग दुरुस्त करायचा. हे का?

चिनी राजकीय विचारात वसंत म्हणजे जन्म, उन्हाळा म्हणजे वाढ, शरद म्हणजे कापणी. झाडं पानं टाकतात, पिकं कापली जातात. तेव्हा जीव घेण्याचं काम राज्याने करायचंच असेल, तर ते याच काळात. ‘चौली’ या ग्रंथात न्यायखात्याचं नावच ‘शरदाचं खातं’ आहे.

हा नुसता तत्त्वज्ञानाचा भाग राहिला नाही. थांग राजवटीच्या कायद्यात स्पष्ट कलम आहे: ‘लीछुन’ म्हणजे वसंतारंभ आणि शरद संपात, या दोन टप्प्यांच्या मध्ये देहदंड अमलात आणणाऱ्या अधिकाऱ्याला एक वर्ष सक्तमजुरी. काही गंभीर गुन्ह्यांचा अपवाद होता, पण नियम हा. म्हणजे फेब्रुवारीपासून सप्टेंबरच्या उत्तरार्धापर्यंत कैद्याचा जीव कशाने राखला होता? सूर्याच्या वाटेवरच्या दोन बिंदूंनी.

मिंग आणि छिंग काळात याची मोठी व्यवस्था झाली. देहदंडाच्या बऱ्याच शिक्षांच्या शेवटी एक शब्द जोडलेला असायचा. त्याचा अर्थ, ‘कोठडीत ठेवून वाट पाहायची’. वाट कशाची? शरदाची. प्रांताप्रांतातून ही प्रकरणं बीजिंगला यायची. आठव्या महिन्यात तिआनानमेनसमोर, सोनपाण्याच्या पुलाच्या बाजूला, वरिष्ठ अधिकारी बसून ती पुन्हा तपासायचे. याला ‘शरदातली सुनावणी’ म्हणत. त्यानंतर याद्या सम्राटाकडे जायच्या. सम्राट लाल शाईच्या कुंचल्याने नावांवर खूण करायचा. खूण झाली तो गेला. खूण झाली नाही, तो पुढच्या शरदापर्यंत जगला.

कल्पना करा, दूर कुठल्यातरी जिल्ह्याच्या कोठडीत एक माणूस बसला आहे. बाहेर लोक कलिंगड कापतायत. त्याच्यासाठी लीछ्यू या शब्दाचा अर्थ काय असेल?

या समजुतीची दुसरी बाजू नाटकांतही दिसते. युआन काळातल्या क्वान हानछिंगच्या प्रसिद्ध नाटकात निर्दोष तो अ हिला सहाव्या महिन्यात, भर उन्हाळ्यात मारलं जातं आणि आकाशातून बर्फ पडतं. प्रेक्षकाला काही समजावून सांगावं लागत नसे. चुकीचा न्याय आणि चुकीचा ऋतू ही जोडी त्याच्या ओळखीची होती. आणि आजही चिनी भाषेत ‘शरदानंतर हिशेब चुकता करणं’ हा वाक्प्रचार आहे. आत्ता गप्प बसायचं आणि नंतर सूड घ्यायचा, या अर्थाने राजकारणात तो सर्रास वापरला जातो.

पंचांग छापणं हा गुन्हा

ज्या कागदावर हे दिवस छापले जातात, तो कागद इतका महत्त्वाचा असेल तर राज्य तो दुसऱ्याच्या हातात कसा देईल?

८३५ साली थांग दरबारात एका अधिकाऱ्याने तक्रार केली की सछ्वान आणि ह्वायनान भागात लोक खासगी पंचांग छापून बाजारात विकतात. सरकारी पंचांग जाहीर व्हायच्या आधीच! लगेच बंदी आली. गंमत म्हणजे छपाईच्या इतिहासात ही तक्रार फार मोलाची आहे, कारण चीनमध्ये छपाई बाजारात पोचली होती याचा तो एक जुना पुरावा. मिंग काळात सरकारी पंचांगावरच इशारा छापलेला असायचा: नक्कल करणाऱ्याचा शिरच्छेद, आणि पकडून देणाऱ्याला पन्नास ‘ल्यांग’ चांदी.

नवी राजवट आली की नवं पंचांग. शेजारच्या राज्याने चीनचं पंचांग स्वीकारलं, म्हणजे त्याने सम्राटाचं वर्चस्व मानलं. १६६२ साली मिंग वंशाचा शेवटचा दावेदार, युंगली सम्राट, मारला गेला. तरी तैवानमध्ये चंग घराणं त्या मेलेल्या सम्राटाच्या नावाने जुन्या मिंग पद्धतीचं पंचांग छापत राहिलं. त्यातली एक प्रत ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्यांच्यापुरतं मिंग राज्य कागदावर जिवंत होतं. आणि ते जिवंत ठेवायचं तर बीजिंगचे दिवस मानून चालणार नव्हतं.

१६६१ : शरदाचे दोन तुकडे

आता आपण आजच्या मुख्य गोष्टीकडे येऊ.

चोवीस टप्पे पाडायच्या दोन रीती आहेत. एक सोपी: वर्षाचे दिवस घ्या, चोवीसने भागा, दर १५.२ दिवसांनी एक टप्पा. दुसरी: सूर्य खरोखर १५ अंश पुढे सरकला की एक टप्पा. दोन्हींत फरक पडतो, कारण सूर्याची दिसणारी गती वर्षभर सारखी नसते. हिवाळ्यात तो जरा वेगाने जातो, उन्हाळ्यात रमतगमत. हिवाळ्यातल्या अयनदिनापासून मोजलं, तर लीछ्यूला साधारण एक दिवसाचा फरक पडतो. शरद संपाताला जवळजवळ दोन दिवसांचा.

ही गतीतली तफावत चीनमध्ये सहाव्या शतकात चांग झशिन याने शोधली. बंडाळीच्या काळात तो एका बेटावर जाऊन राहिला आणि तीसेक वर्षं आकाश बघत बसला. पुढे ६०० च्या सुमारास ल्यू च्वोने खऱ्या गतीनुसार टप्पे पाडायची सूचनाही केली. ग्रहणाच्या गणितात ती पद्धत आली. पण लोकांच्या हातातल्या पंचांगात सोपी रीतच राहिली. हजार वर्षं! म्हणजे तज्ज्ञांना खरं माहीत होतं, आणि तरीही सगळ्यांच्या सोयीचा एक सरासरी शरद चालत होता.

१६४४ साली मांचूंनी बीजिंग घेतलं. त्याच वर्षी आदाम शाल या जर्मन जेझुइट पाद्र्याने सूर्यग्रहणाचं भाकीत अचूक वर्तवून दाखवलं. नव्या राजवटीला नवं पंचांग हवंच होतं. १६४५ पासून शालच्या हिशेबाचं पंचांग सुरू झालं, आणि तो खगोल खात्याचा प्रमुख झाला. या पंचांगात टप्पे पाडले खऱ्या सूर्याप्रमाणे.

सुरुवातीला सामान्य माणसाला काय फरक पडला? एखादा दिवस इकडे, एखादा तिकडे. पण १६६१ साली खरी पंचाईत झाली.

अधिक महिन्याचा चिनी नियम तुम्हाला परका वाटणार नाही. चोवीसपैकी एकाआड एक असे बारा टप्पे ‘मुख्य’ मानतात. ज्या चांद्रमहिन्यात एकही मुख्य टप्पा पडत नाही, तो अधिक. आपल्याकडे ज्या महिन्यात संक्रांत नाही, तो अधिक. तत्त्व तेच! सातव्या महिन्याचा मुख्य टप्पा ‘उष्मा सरला’, आणि आठव्याचा ‘शरद संपात’.

१६६१ च्या सप्टेंबरमध्ये शरद संपात नेमका अमावास्येच्या आसपास होता. जुन्या सरासरी हिशेबाने तो दोन दिवस आधी, म्हणजे अमावास्येच्या अलीकडे. म्हणून चालू महिना आठवा. नव्या हिशेबाने तो पलीकडे गेला. मग चालू महिन्यात मुख्य टप्पा उरलाच नाही. त्यात एकटं ‘शुभ्र दव’ होतं, आणि ते मुख्य नाही. म्हणून तो अधिक सातवा ठरला. जुन्या पद्धतीत अधिक महिना पुढे दहाव्याला लागत होता.

म्हणजे काय झालं? दोन दिवसांच्या फरकाने दोन पंचांगांत कित्येक आठवडे पूर्ण एका महिन्याचं अंतर पडलं. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला शरदातला चंद्रोत्सव असतो. चिनी घरांत तो केवढा मोठा! एका हिशेबाने तो या पौर्णिमेला, दुसऱ्याने पुढच्या. आपल्याकडे एकाच गावात दोन घरांची दोन पंचांगं असली की काय होतं, हे टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांना विचारा. पण तिथे प्रश्न दोन घरांचा नव्हता. सम्राटाचा होता.

यांग क्वांगश्येन नावाच्या गृहस्थाने या मुद्द्यावर रान उठवलं. अधिक महिना चुकला, हा त्याचा एक आरोप. दुसरा: पंचांगाच्या मुखपृष्ठावर ‘पाश्चात्य नव्या पद्धतीनुसार’ असं छापलंय, म्हणजे साम्राज्याने परक्यांचं पंचांग स्वीकारलं असा अर्थ होतो. तिसरा: शालने सादर केलेलं पंचांग फक्त दोनशे वर्षांचं आहे, म्हणजे राजवंश दोनशे वर्षांतच संपणार का? शिवाय १६५८ मध्ये वारलेल्या तान्ह्या राजपुत्राच्या दफनाची घटिका खात्याने अशुभ निवडली, हाही आरोप. १६६४ मध्ये खटला उभा राहिला. सम्राट कांगशी तेव्हा दहा वर्षांचा, कारभार पालकमंत्र्यांच्या हातात.

सत्तरी ओलांडलेल्या शालला अर्धांगवायूचा झटका आला होता, त्याला धड बोलताही येत नव्हतं. त्याचा तरुण सहकारी फर्डिनांड फेरबीस्ट त्याच्या वतीने बोलला. १६६५ मध्ये शालला हाल करून मारण्याची शिक्षा झाली. त्याच सुमारास बीजिंगला भूकंपाचा धक्का बसला, दरबाराला तो अपशकुन वाटला, आणि परदेशी माणसं सुटली. पण खगोल खात्यातल्या पाच चिनी अधिकाऱ्यांना मारण्यात आलं. त्यांच्यात ली झूपाय होता. इतिहासाच्या पुस्तकांत शालचं नाव ठळक येतं. हे पाच जण बहुधा एका ओळीत उरकले जातात. प्रत्यक्ष किंमत त्यांनी मोजली.

यांगला खात्याचा प्रमुख केलं. तो स्वतःच म्हणत होता की मला तत्त्व कळतं, आकडेमोड येत नाही! त्याने पुन्हा पुन्हा नकार दिला, पण कुणी ऐकलं नाही. चांगलं पंचांग नसलं तरी एक वेळ चालेल, पण परके नकोत, असा त्याचा एकूण सूर होता. आपण त्याला खलनायक करून मोकळे होऊ शकतो. पण त्याचा प्रश्न खोटा नव्हता: आमचा ऋतू कधी सुरू होतो हे आम्हाला दुसऱ्याने का सांगावं? त्याचं उत्तर चुकीचं होतं, आणि त्यापायी माणसं मेली.

१६६८ च्या डिसेंबरमध्ये चौदा वर्षांच्या कांगशीने वाद मिटवायचा मार्ग काढला. चर्चा पुरे. दुपारी बारा वाजता खांबाची सावली कुठवर पडेल, ते दोन्ही बाजूंनी आधी सांगा. तीन दिवस कसोटी झाली. फेरबीस्ट बरोबर निघाला. पुढच्या काही आठवड्यांत वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर आणखी वेध घेतले. त्यात वसंतारंभाचा टप्पाही होता – लीछ्यूचाच भाऊ. पुन्हा फेरबीस्ट बरोबर. १६६९ च्या पंचांगात छापून झालेला अधिक बारावा महिना रद्द करावा लागला आणि पुढच्या वर्षी अधिक दुसरा धरला. यांगलाही देहदंड झाला, पण वयाकडे पाहून माफी मिळाली. घरी परतताना वाटेतच तो गेला. शाल १६६६ मध्येच वारला होता.

कांगशीने म्हातारपणी मुलांना सांगितलेली एक आठवण नोंदलेली आहे. त्या कसोटीच्या वेळी दरबारातल्या एकाही माणसाला ते गणित समजत नव्हतं. मग ज्याला स्वतःला समजत नाही, तो दुसऱ्याचं बरोबर की चूक ठरवणार कसा? म्हणून त्याने स्वतः शिकायला घेतलं. मला वाटतं, या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शहाणपणाचं वाक्य हेच.

आपला धागा

या खात्यात परक्यांचं येणं शालपासून सुरू झालं नाही. थांग काळात त्याच कामावर मूळ भारतीय वंशाचं एक घराणं होतं – गौतम, चिनी उच्चारात ‘छ्यूथान’. गौतम सिद्ध याने ७१८ साली भारतीय पद्धतीचं ‘नवग्रह’ पंचांग चिनीत आणलं. त्यात शून्यासाठी ठिपका आहे, ज्यांचं, म्हणजे साइनचं, कोष्टक आहे. त्या घराण्यातल्या गौतम च्वान याचा समाधिलेख १९७७ मध्ये शीआनजवळ सापडला. घराणं पुरतं तिथलंच झालं होतं.

आणि एक साम्य. आपल्या संक्रांती निरयन, ताऱ्यांशी बांधलेल्या. चिनी टप्पे सायन, संपाताशी बांधलेले. आज दोन्हींत सुमारे २४ दिवसांचं अंतर आहे. म्हणून नियम एक असूनही अधिक महिने वेगळे येतात: २०२३ मध्ये आपला अधिक श्रावण, त्यांचा अधिक दुसरा. महाराष्ट्रातल्या सायन-निरयन वादात दोन्ही बाजूंनी भरपूर शाई सांडली. रक्त नाही, हे आपलं भाग्य. १९५२ च्या पंचांग सुधारणा समितीत मेघनाद साहांबरोबर नागपूरचे दप्तरी आणि पुण्याचे करंदीकर होते. त्यातून आलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत भाद्रपद सुरू होतो २३ ऑगस्टला. चिनी ‘उष्मा सरला’ हा टप्पाही त्याच दिवशी किंवा एखादा दिवस मागेपुढे असतो. हा योगायोग नाही, सूर्य तोच आहे. फक्त त्यांचा टप्पा घराघरात आहे, आणि आपली राष्ट्रीय तारीख आकाशवाणीवर ऐकू येते तेवढीच.

आज लीछ्यूचा क्षण नानचिंगची पर्पल माउंटन वेधशाळा काढते आणि तो मोबाइलवर येतो. २०१६ मध्ये युनेस्कोने चोवीस टप्प्यांना मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. २०२५ मध्ये अधिक सहावा महिना होता, आणि त्यात एकटं लीछ्यू होतं. १६६१ मध्ये एकटं ‘शुभ्र दव’ होतं, अगदी तसंच. या वेळी कुणाच्या केसाला धक्का लागला नाही.

पण म्हणून प्रश्न संपला असं मी म्हणणार नाही. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट कुणीतरी मोजून सांगतो आणि आपण ती मानतो. ते मानताना त्याचं गणित निदान थोडं आपल्याला कळतं का, हा कांगशीचा प्रश्न आजही तसाच आहे.

प्रश्नोत्तरं

*आपला शरद आश्विन-कार्तिकात. मग ऑगस्टमधल्या लीछ्यूला शरद म्हणणं बरोबर आहे का?*

छान विचारलंत. पूर्ण बरोबर नाही. आपले ऋतू सहा, त्यांचे चार. त्यांच्या ‘छ्यू’मध्ये आपल्या वर्षेचं शेपूट आणि बराचसा शरद येतो. चारांपैकी कापणीचा ऋतू म्हणून मी शरद शब्द वापरला. जवळचा आहे, तंतोतंत नाही.

*शेतकऱ्याला या टप्प्यांचा खरा उपयोग होता, की हे सगळं दरबाराचंच?*

खरा उपयोग होता, आणि आहे. चांद्रमहिने मागेपुढे होतात, टप्पे सूर्याला धरून असतात. उत्तर चीनमध्ये गव्हाच्या पेरणीबद्दल म्हण आहे की ‘शुभ्र दवा’ला पेरलं तर लवकर होतं, ‘थंड दवा’ला उशीर होतो, शरद संपाताला नेमकं. पण हा अनुभव पीत नदीच्या खोऱ्यातला. दक्षिणेत क्वांगतुंगला त्याचा उपयोग नाही, तिथे ऑक्टोबरातही उन्हाळा असतो. म्हणून चिनी हवामान खातं शरद वेगळा मोजतं: पाच दिवसांचं सरासरी तापमान २२ अंशांच्या खाली टिकलं की शरद. म्हणजे आज तिथे दोन शरद आहेत. एक कॅलेंडरातला आणि एक थर्मामीटरमधला. लोकांना दोन्ही लागतात.